पूजेसाठी राखून ठेवलेली कवळी

मला हसू आवरत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. शाळेत त्यापायी मी बाकावर उभी राहिले, ऑफिसात साहेबांची बोलणी खाल्ली, आणि आत्येच्या तेराव्याला मला आईनं चिमटा काढून बाहेर पाठवलं होतं. रोग बाबांकडून आलेला. ते हसायला लागले की शेजारची बिऱ्हाडं काय झालं ते बघायला यायची.

घाटकोपरला आमची चाळ टेकडीच्या उतारावर होती आणि बहुतेक सगळे कुडाळ-मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले होते. तिथे त्यांना कुणी विचारत नसे. पण सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा झाली की गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सगळ्या चाळीच्या वतीनं देवाकडे मागणं मागायचं, तेही खड्या आवाजात. त्यांनी एक वाक्य म्हणून श्वास घ्यायला थांबायचं आणि त्या थांब्यात सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. शब्दांकडे फार कुणाचं लक्ष नसे. थांबले की म्हणायचं, एवढंच लहानपणापासून अंगात भिनलेलं.

तंबाखूनं त्यांचे दात एकेक करून नेले. उरले त्यांतून नुसता वारा जायचा. एका वर्षी गाऱ्हाणं झाल्यावर चाळीच्या मंडळातलं एक पोरगं म्हणालं, ‘देवाला तरी कळलं का रे काही?’ सगळे हसले. मग पुढच्या वर्षी समोरच्या खोलीतल्या काकांना सांगायचं असं हळूहळू ठरत गेलं. त्या दिवसापासून बाबा हसताना तोंडावर हात धरायला लागले, आणि मला त्या हाताचा भयंकर राग यायचा.

मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. ओढतच त्यांना स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. उरलेले दात काढले, हिरड्या भरायला दिवाळी उलटली, मग कवळीचं माप घेतलं. मापाच्या लगद्यानं भरलेला चमचा तोंडात असताना बाबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला उठून जिन्यात जावं लागलं.

मेणात बसवलेले दात घालून बघायचा दिवस आला. उच्चार नीट येतात का ते कळावं म्हणून डॉक्टरांनी साठपासून पुढे मोजायला सांगितलं. बाबांनी आकडे सोडून थेट गाऱ्हाण्यालाच हात घातला, तोही टेकडीवरच्या आवाजात. बाहेर गालाला रुमाल लावून बसलेली एक बाई चपला घालून घरी निघून गेली. डॉक्टर गुजराती होते. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण स आणि त झकास येतायत म्हणाले.

कवळी हातात देताना त्यांनी नीट बजावलं होतं की सुरुवातीला टोचेल, रोज थोडा वेळ घाला, मोठ्यानं पेपर वाचा, म्हणजे जीभ सरावेल. घरी येताच आईनं डबी देवापुढे ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. कवळीला हळदकुंकू. मी पोट धरून जमिनीवर बसले. बाबांनी मात्र गंभीरपणे डबी उचलून कपाटात नव्या सदऱ्याच्या घडीवर ठेवून दिली. पूजेपर्यंत काढायची नाही म्हणाले. मी डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून दिली तर मलाच विचारलं, ‘नवी वस्तू वापरून जुनी करून पूजेक घालू काय?’ ह्यावर आईनंही मान डोलावली. दोघांपुढे माझं काय चालणार.

पूजेच्या दिवशी नवा सदरा आणि नवे दात एकदमच अंगावर चढले. बाबा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. काकांना सांगून मंडळानं यंदाचं गाऱ्हाणं बाबांनाच दिलं होतं, मात्र शेवटचं म्हणून. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी बायकांत आईजवळ बसले होते.

सुरुवात अशी खणखणीत झाली की मंडळातली पोरं ताठ झाली. दोन-तीन वाक्यं नीट गेली. मग खालची कवळी हलली. बाबांनी ती जिभेनं दाबली, तर वरची सुटली. त्यांनी तोंडापुढे हात धरला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, ‘वाईच थांबा रे, दात सुटले.’

आणि थांबले. सगळी चाळ एका सुरात म्हणाली, ‘होय म्हाराजा.’

मग मी हसत सुटले. माझ्यामागून आई, मग भटजी, मग सगळं अंगण. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. ते उभे होते, दोन्ही कवळ्या हातात, आणि तोंडावरचा हात खाली आलेला. बोळकं उघडं टाकून ते पूर्वीसारखे हसत होते. शेजारच्या चाळीतली माणसं बघायला आली.

उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी तसंच, दातांशिवाय घातलं. काका आपण होऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि बाबांचं प्रत्येक वाक्य कसंबसं ओळखून मोठ्यानं सांगत गेले. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या सुनेची सुखरूप सुटका, सगळं मागून झालं. एरवी बाबा आमच्या खोलीसाठी काही मागत नसत. त्या दिवशी शेवटी आमच्याकडे वळून काहीतरी बोलले. काकांनी दोनदा विचारलं, त्यांना ते उमगेना.

आईला उमगलं. भर मंडपात कधी तोंड न उघडणारी माझी आई उभी राहिली आणि म्हणाली, ‘ते म्हणतत, आमच्या चेडवाक असांच हसतां ठेव.’

त्यांचं चेडू, त्यांची मुलगी, म्हणजे मीच. होय म्हाराजा, सगळे म्हणाले. मला एकटीला म्हणता आलं नाही, कारण आईच्या पदरात तोंड खुपसून मी रडत होते.