निळा डोंगर

रविवारी सकाळी टीव्हीच्या पडद्यावरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी मोठ्यानं विचारलं, "काका, वर वाट जाते का?"

"कुणाशी बोलताय?" स्वयंपाकघरातून हिनं विचारलं.

गुडघ्यांनी डोंगर चढायचं बंद केलं, तेव्हापासून सहा वर्षं मी हा व्हिडिओ गेम बाजारात येण्याकडे डोळे लावून होतो. 'दिसेल तिथे जाता येईल,' असं जाहिरातीत म्हटलं होतं, आणि त्या चित्रात मागे एक निळा डोंगर होता. दुपारी मी त्याच्या पायथ्याशी पोचलो. समोर काहीच नव्हतं, तरी पुढे जाता येईना. डोंगर नुसता रंगवलेला होता. माझा अंगठा मात्र बटणावरून निघेना, आणि पडद्यावरचा माझा माणूस हवेला धडकत जागच्या जागी चालत राहिला.

मनातल्या मनात मी तो इतक्यांदा चढलो होतो, की माथ्यावरचा वाराही ओळखीचा झाला होता. बहुधा डोंगर तेवढाच होता, मनातला. आता तोही गेला.

जेवायला बोलवायला आलेली ही पडद्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, त्याला बसवा तरी आता," ती म्हणाली. "सकाळपासून चालतोय."