करंगळीवाली पाहुणी

पासष्टीला मी भलतीच अल्लड होते! भाजे गावातल्या आमच्या खानावळीची वेबसाइट 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहून नटवली होती. गिऱ्हाईक काही फिरकेना. सून म्हणाली, "आत्या, बंदच करू आता."

मग एक दिवस वेबसाइटचंच काम करणारी मुलगी जेवायला आली. बोटं पिठल्याने बरबटलेली, म्हणून तिने करंगळीने माझ्या फोनवरचं वेबमास्टर टूल उघडलं. लोक काय शोधताना आपली साइट दिसते, ते त्यात कळतं. ती खुदकन हसली.

"आजी, कुशी कुणालाच नकोय. लोक 'लेण्यांजवळ स्वच्छ संडास' शोधतायत. तुम्ही तो शेवटच्या ओळीत लपवलाय. पहिल्या ओळीत आणा!"

लाजत लाजत आणला. तिचं नाव विचारायचं राहिलंच. आता पाहुणे धावत येतात आणि सावकाश जेवून जातात.