थापडीचा नियम

घाटंजीकडच्या आमच्या शाळेत भिंतीवर गेरूने नियम लिहिले होते. खरे बोलावे. नखे कापावीत. विचारल्याशिवाय बोलू नये. हा शेवटचा नियम मी इतका कडक पाळला की मला बक्षीसच द्यायला हवं होतं. मला कोणी काही विचारतच नसे.

कारण भिंतीवर नसलेला एक नियम होता. ज्याला उत्तर येईल, त्याने चुकलेल्यांच्या गालावर एकेक ठेवून द्यायची. आदल्या वर्षी बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि आम्ही बौद्ध झालो. गावाने मात्र माझा हात जुन्याच जातीत ठेवला होता. तो पाटलाच्या पोराच्या गालाला लागला तर? म्हणून मास्तरांचा प्रश्न रांगेतून सरकत यायचा आणि दाराशी मी दिसलो की साप दिसल्यासारखा मागे फिरायचा. घरी दीडकीचा पाढा म्हणून म्हणून मी आईचे कान किटवले होते. वर्गात एकदा तरी कोणी विचारावं, एवढीच हाव होती.

मग बैलांच्या दमणीतून शाळा तपासणीला दिपोटी साहेब आले. परगावचे, बिचारे अडाणी. त्यांनी सगळ्या वर्गालाच विचारलं, "सतरा दीड किती?"

पाटलाचा पोरगा छताकडे पाहू लागला, मास्तरांचा स्वतःचा पोरगा जमिनीकडे. शेवटी साहेबांचं बोट माझ्याकडे वळलं.

"साडेपंचवीस जी."

"शाबास! मग या दोघांना दे एकेक. तुमच्याकडेही तोच नियम ना, मास्तर?"

मास्तर घाईने मध्ये आले. "त्याचा हात दुखून राह्यला, साहेब."

"नाही दुखत जी," मी म्हणालो. खरे बोलावे, असं भिंतीवरच होतं.

मी दोघांना अगदी हळू मारली. पाटलाच्या पोराला घरी नेऊन डोक्यावरून आंघोळ घातली म्हणे. माझ्या आईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "हळू कायले मारली रे?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांना एकाएकी अहिंसा आठवली. पोरांनी पोरांना मारणं बंद. त्यांची छडी बहुधा अहिंसेत बसत असावी. मला मात्र आनंद झाला. आता मला विचारायला अडचण कसली?

प्रश्न रांगेतून आला. शेजाऱ्याला उत्तर जमलं नाही. मी अर्धा उठलोसुद्धा.

"बस खाली," मास्तर म्हणाले. "तुले येते, मले माहीत आहे."

मी बसलो. त्या दिवशी जो राग आला, तो अजून गेलेला नाही.