दोन बटणांचा खेळ

देवळाली कॅम्पच्या बाजारात जुन्या सामानाचं एक दुकान होतं. बदली झालेली लष्करातली माणसं निघताना आपलं सामान तिथे विकून जात. त्यात एकदा व्हिडिओ गेमचा परदेशी डबा आला आणि दुकानदाराने तो टीव्हीला जोडला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांनी टोलवायचा चौकोनी चेंडू, बस्स! समोरच्या थांब्यावर बसची वाट बघताना मी ते बाहेरून पाहत असे. चेंडू चौकोनी का, हे कोडं मला बसमध्ये बसल्यावरही सुटत नसे. वायरीला लोंबणारी दोन बटणं होती, दोघांनी एकेक फिरवायची. दुकानदार मात्र एकटाच दोन्ही हातांनी दोन्ही फिरवायचा आणि चेंडू सुटला की स्वतःवरच चिडायचा.

एकदा न राहवून मी आत शिरलो.

"एकट्याने खेळायची काही सोय नाही का हो यात?"

"नाही ना. सगळं देतो हा डबा, फक्त समोरचा माणूस देत नाही. तो आपला आपण आणायचा."

असं म्हणत त्याने डावीकडचं बटण माझ्या हातात दिलं. आम्ही खेळू लागलो. मी सारखा हरत होतो, कारण माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच. त्याचा मोकळा झालेला डावा हात गुडघ्यावर, नसलेलं बटण फिरवत होता.