भाऊ, बाहेर थांबा

राहात्यात लंकाबाईला न ओळखणारा माणूस शोधायचा, तर तो कालपरवा जन्मलेला असावा लागेल. वय बावन्न, अंगानं चांगली उंचपुरी, आणि आवाज असा, की आठवडे बाजारात या टोकाला तिनं वांग्याचा भाव विचारला तर त्या टोकाचा भाजीवाला उत्तर देतो. ती तृतीयपंथी आहे हे गावाला ठाऊक आहे, आणि गावाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या विषयावर आता फारशी चर्चा होत नाही. नाव तिनं स्वतःचं स्वतः ठेवलं. बाकीच्या मैत्रिणींनी नट्यांची नावं घेतली. हिनं गल्लीतल्या एका खमक्या म्हातारीचं नाव उचललं, कारण त्या म्हातारीपुढं नळाची रांग मोडायची कुणाची छाती नव्हती.

रांग हा लंकाबाईचा खास प्रांत. केसपेपरची रांग, रक्ततपासणीची रांग, औषधांची रांग, सगळ्या तिनं कोळून प्यायलेल्या. कोणत्या खिडकीवरचा बाबू किती वाजता चहाला उठतो, कोणत्या शिपायाला ‘साहेब’ म्हटलं की तो विरघळतो आणि कोणत्या शिपायाला म्हटलं की त्याला चेष्टा वाटते, हे तिला तोंडपाठ आहे. हौस म्हणून नव्हे, तर हेच तिचं काम आहे म्हणून. जिल्ह्यातल्या तृतीयपंथी माणसांना दवाखान्यापर्यंत न्यायचं, आत न्यायचं आणि बरं होईपर्यंत तिथं टिकवायचं, यासाठी तिनं ‘आपुलकी’ नावाची संस्था काढली. यातलं न्यायचं काम सोपं. टिकवायचं अवघड. बायकांच्या रांगेत उभं राहिलं की बायका बघतात, पुरुषांच्या रांगेत उभं राहिलं की पुरुष बघतात, आणि या नजरा झेलायचा कंटाळा आला की माणूस ताप अंगात तसाच घेऊन घरी येतो. म्हणून ‘आपुलकी’चा नियम आहे की दवाखान्यात कुणीही एकटं जायचं नाही. बरोबर दोघांनी जायचं, एकानं रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं पेशंटजवळ बसायचं. शिवाय भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असा डबा न्यायचा. “दवाखान्यात मानूस रोगानं कमी आन् उपाशीपोटी जास्त मरतंय,” असं लंकाबाईचं वैद्यकशास्त्र आहे.

संस्थेची कचेरी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आहे. खाली दळण सुरू झालं की वर खुर्च्या थरथरतात आणि प्रत्येक फायलीवर ज्वारी-बाजरीचा पातळ थर बसतो. तो झटकायचं काम सुनीतीसिस्टरांचं. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स म्हणून काढलेली ही बाई, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि बोलणं मोजूनमापून. लंकाबाई आणि ती शेजारी उभ्या राहिल्या की एकीचा आवाज दुसरीला पुरून उरतो.

दोघींची ओळख मात्र सुखाची नाही. अठरा वर्षांपूर्वी लंकाबाईला टायफॉइड झाला तेव्हा एका दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डानं तिला बायकांकडे पाठवलं, बायकांच्या वॉर्डानं परत पुरुषांकडे, आणि शेवटी तिची खाट व्हरांड्यात पडली. तीन दिवस. ड्यूटीवर सुनीतीसिस्टर होत्या. औषधं त्यांनी मिनिटाच्या काट्यावर दिली, पण खाटेबद्दल चकार शब्द काढला नाही. निवृत्त झाल्यावर त्या पत्ता विचारत विचारत राहात्यात आल्या आणि दारातच म्हणाल्या, “मी तेव्हा गप्प बसले. त्याची मला लाज वाटते. आता काय करू ते सांगा.”

लंकाबाईनं खुर्ची पुढं सरकवली. “आधी च्या घ्या,” ती म्हणाली. “मंग रांगंत हुभ्या ऱ्हावा.”

तिसरा गडी तुषार. संस्थेची व्हॅन चालवतो. पारनेर तालुक्यातला, चौतीस वर्षांचा, काटक आणि मितभाषी. घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं. आपण मुलगा आहोत हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. घरच्यांना पटायला पंचवीस वर्षं लागली. पुढं पुण्याला खेटे घालून त्यानं उपचार घेतले, आवाज फुटला, मिशी आली. त्या मिशीला तो रोज सकाळी गाडीच्या आरशात पाच मिनिटं देतो, आणि तोवर पेशंटनं कळ काढायची असा अलिखित करार आहे.

आता गंमत बघा. सहा वर्षांत या गाडीनं श्रीरामपूरपासून श्रीगोंद्यापर्यंत शेकड्यांनी माणसं दवाखान्यात नेली. कुणाची शुगर, कुणाचा टीबी, कुणाची मोडलेली तंगडी. सिस्टरांच्या वहीत सगळ्यांची नावं आहेत. त्यात तुषारचं नाव एकदाही नाही, आणि ते नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाडी चालवणाराही आजारी पडू शकतो हे गाडीत बसणाऱ्याला सुचत नाही.

दिवाळीनंतर तुषार मधेच गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकवायला लागला. विचारलं की म्हणायचा, “पित्त हाय आक्का.” लंकाबाईनं त्याला आल्याचा रस पाजला, ओवा चारला, मिरची बंद केली. एका सकाळी ती काच पुसायला फडकं शोधत होती, तेव्हा गाडीच्या पुढच्या कप्प्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची सात रिकामी पाकिटं सापडली. पित्तावर कुणी त्या गोळ्या खात नाही, उलट त्यांनीच पित्त होतं, एवढं तिला सिस्टरांच्या सहवासात कळायला लागलं होतं. तिनं त्याला दंडाला धरून गिरणीवर नेलं.

“कुठं दुखतं?” सिस्टरांनी विचारलं.

“ओटीपोटात. उजव्या अंगाला.”

सिस्टरांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की प्रकरण गंभीर, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. “अंडाशयात गाठ असणार. स्त्रीरोगवाल्या डॉक्टरकडे जावं लागेल. त्या गाठीला पीळ पडला तर जिवावर बेतेल, तुषार. थांबायला वेळ नाही.”

“गेल्तो मी,” तो खाली बघून म्हणाला.

“कधी?”

“म्हैना झाला. बायांच्या एका खासगी दवाखान्यात. एकटाच. काउंटरवरची बाई म्हनली, पेशंट कुठंय, आत पाठवा.”

“मंग?”

“मी म्हनलं, ती आली न्हाई. आन् आलो माघारी.”

लंकाबाईला आधी हसू फुटलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवून खिडकीवरचं पीठ उगीचच पुसलं. सिस्टर मात्र संतापल्या. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्या जिल्ह्याला एकटं जाऊ नका म्हणून सांगत फिरतोस ना?”

नगरच्या एका दवाखान्यात मनवा नावाची तरुण डॉक्टर नुकतीच आली होती. सिस्टर तिला भेटून आल्या. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घेऊन या म्हणाली. तुषार तरी हटेना.

“डॉक्टरीन चांगली असंल, सिस्टर. पन बाकड्यावर डॉक्टरीन बसत न्हाई. तिथं मला बसायचंय. सगळ्या बाया आन् त्यात मी, मिशी घिऊन.”

बाकड्याचा प्रश्न म्हणजे लंकाबाईच्या प्रांतातला. तिनं तो एका फटक्यात सोडवला. “मंग पेशंट मी हुते. तू माझा भाऊ. बहिनीला दवाखान्यात आनलेल्या भावाकडं कोन बघतंय? नंबर आला की दोघंबी आत जाऊ. आत गेल्यावं तू पेशंट.” जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, “भाऊच म्हन. भाऊ बरं दिसतंय.”

लंकाबाईला सख्खे दोन भाऊ आहेत, राहात्यातच. बाजारात समोर आली की ते मोबाईलमध्ये बघतात. सव्वीस वर्षांत एकाही भाऊबीजेला तिनं मांडलेल्या पाटावर कुणी बसलं नाही. ती हे कुणाला सांगत नाही, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी लंकाबाई नटली. लग्नाला नेसायची डाळिंबी साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. “पेशंट आहात तुम्ही, नवरी नाही,” सिस्टर म्हणाल्या. नगरला पोचल्यावर सिस्टर डॉक्टरांशी बोलायला पुढं आत गेल्या, आणि बावीस नंबरचं टोकन मुठीत धरून बहीण-भाऊ बाकड्यावर बसले.

शेजारी बनुबाई नावाची एक म्हातारी होती, सुनेला घेऊन आलेली. दवाखान्यातल्या बाकड्यावर गप्प बसणं हा अपमान समजणाऱ्या जातकुळीतली.

“काय हुतंय तुमाला?” तिनं विचारलं.

“कंबर,” लंकाबाई म्हणाली. मग तेवढ्यानं भागेना म्हणून, “आन् चक्करबी येती.”

“वय हाय ते. मलाबी लई तरास झाला ह्या वयात. अंगातून नुसत्या वाफा.” बनुबाईनं तुषारकडे बघितलं. “ह्यो कोन?”

“भाऊ.”

“नशीबवान हायसा. माझा भाऊ राखीलाबी फिरकत न्हाई. मोठ्या आपुलकीनं आनलं की वो बहिनीला.”

लंकाबाईनं गजरा नीट केला. आयुष्यात पहिल्यांदा ती चार बायकांत बसली होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. तिला इतकं बरं वाटत होतं, की आपण खोटं बोलून इथं बसलोय हे ती थोडा वेळ विसरली. तुषार मात्र विसरला नव्हता. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

“बावीस नंबर!”

दोघं उठली. दारात पन्नाशीची एक मावशी उभी होती. तिनं लंकाबाईला आत घेण्यासाठी दार उघडलं आणि तुषारच्या छातीसमोर हात आडवा धरला. “भाऊ, बाहेर थांबा. आत पुरुषमाणसाला परवानगी नाही. बाई एकट्याच येतील.”

जिल्ह्यातल्या साऱ्या रांगा कोळून प्यायलेल्या लंकाबाईला हे माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? या दारापाशी तिला आजवर कुणी येऊच दिलं नव्हतं, आणि तुषार आला नव्हता. दोघांनी मिळून असा बेत केला होता की ज्यात आजारी माणूस सोडून सगळे आत जाऊ शकत होते.

लंकाबाईनं दारातून आत डोकावलं. सिस्टरांना हाक मारावी, तर त्या आतल्या खोलीत. मावशीला बाजूला घेऊन सांगावं, तर ते सांगायचा अधिकार आपला नाही, हे तिला त्या घाईतही कळत होतं. तुषार एक पाऊल मागं सरला. किल्लीवरची मूठ आवळली. आता हा जातो, तिच्या मनात आलं, पुन्हा ती आली न्हाई म्हणतो, आणि परत काही या दाराशी यायचा नाही. तिला एवढी भीती टायफॉइडमध्येसुद्धा वाटली नव्हती.

“चला बाई, खोळंबा होतोय,” मावशी म्हणाली.

“ती न्हाई,” तुषार म्हणाला. आवाज इतका खाली, की मावशीनं कान पुढं केला. “पेशंट मी हाय.”

मावशीनं त्याच्या मिशीकडे बघितलं. लंकाबाईच्या गजऱ्याकडे बघितलं. टोकन घेऊन आकडा वाचला, उलटं करून मागची बाजूही वाचली. बाकड्यावरच्या साऱ्या बायका बघत होत्या.

“मग चप्पल बाहेर काढा,” मावशी म्हणाली, आणि हात खाली घेतला.

तुषार आत गेला. लंकाबाई बाकड्यावर येऊन बसली.

बनुबाई बराच वेळ हिशेब जुळवत होती. शेवटी तिनं विचारलं, “तुमची कंबर?”

“बरी हाय.”

“आन् त्यो?”

“भाऊच हाय,” लंकाबाई म्हणाली. “दोन म्हैनं दुखनं अंगावर काढलं त्यानं. लई भ्यालाय. मीबी भ्याले हाय.”

बनुबाईनं आणखी एखादा प्रश्न विचारावा अशी तिच्या चेहऱ्यावर तयारी दिसत होती. पण तिनं तो गिळला. “माझी सूनबी भ्याली हाय,” ती म्हणाली आणि सरकून थोडी जवळ बसली.

अर्ध्या तासानं तुषार कागद घेऊन बाहेर आला, मागून सिस्टर. सिस्टरांच्या डोळ्यांवर चष्मा जागेवर होता. लंकाबाईनं आधी तेच पाहून घेतलं.

“गाठ हाय. मोसंबीएवढी,” तुषार म्हणाला. “साधीच दिसती म्हनल्या. पन आजच दाखल व्हा, उद्या काढू, म्हनल्या. कोपऱ्यातली एक खोली देत्यात.” एवढं एका दमात सांगून तो थांबला. मग त्यानं हातातल्या किल्लीकडे बघितलं, आणि सकाळपासून घट्ट धरलेला त्याचा चेहरा तिथं सैल पडला. “आक्का, पन तुमी दोघी घरी कशा जानार? तुमच्यातल्या एकीलाबी गाडी चालवता येत न्हाई.”

लंकाबाईनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ ओढून पक्की केली.

“घरी जायचंय कुनाला?” ती म्हणाली.