पिठावरचं टोपलं

बायकोले जाळून आलो त्या संध्याकाळी माझ्या बहिणीनं, बायको झोपत होती त्या जागेवर ज्वारीचं पीठ पसरलं, बाजूले दिवा लावला अन् पिठावर टोपलं पालथं घातलं. आमच्यात असंच करतात. सकाळी टोपलं उचलाचं, पिठात ज्याचा पाय उमटला त्या जन्मात माणूस गेला म्हणाचं. बायाइले त्यात काहीही दिसते. एका सुनेले सासूच्या पिठात घोरपड दिसलती. मले हे थोतांडच वाटे. पण त्या रात्री मी टोपल्यापासून हाललो नाही. ती कुठं गेली ते मले समजाले पाहिजे होतं.

माझे जवाई दिग्रसले कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्याइले राहवलं नाही.

"मामाजी, हे काही खरं नसते. माणूस म्हणजे अणू. ते कुठंच जात नाहीत."

मंग अणूच सांगत बसले. मधात गाभा, भोवती इलेक्ट्रॉन. फिरता फिरता तो मधात पडाले पाहिजे, पण पडत नाही. म्हणून एका शास्त्रज्ञानं म्हटलं, त्याच्या पायऱ्या ठरल्या आहेत. या पायरीवर नाही तर त्या, मधात कुठंच नाही. वरून खाली आला का उजेड देते.

माझं सारं घर खाली आलतं, उजेड काही दिसला नाही.

"कोणी ठरवल्या पायऱ्या? ग्रामपंचायतीनं?"

"निसर्गानं, मामाजी."

"अन् एकीवरून दुसरीवर कोणत्या वाटेनं जाते?"

"त्या मॉडेलात वाट नसतेच."

इतकं शिकून हे शिकले. यांच्या घरी पोरगी द्याले मी कायले गेलतो, कोण जाणे.

"तो इलेक्ट्रॉन तुमी पाह्यला काय?"

"नाही. उजेडातल्या रेघा दिसतात, त्यावरून कळते."

"मंग आमी बी पिठातल्या रेघाच पाहतो."

बहीण हसली. जवाई म्हणाले, "आमच्या रेघा कोणीही पाहो, त्याच जागी येतात. पिठात ज्याले त्याले वेगळं दिसते."

मी त्याइले पाणी आणाले धाडलं.

सकाळी बहिणीनं टोपलं उचललं. जमलेल्या बाया वाकल्या.

"चिमणी हाय वो."

"चिमणी कायची, गाईचा खूर हाय."

मी चष्मा पुसून पाह्यलं. पीठ पसरलं तसंच होतं. मी जवायालेच विचारलं, कारण तिथं तेवढा एक माणूस खोटं बोलणार नव्हता.

"सांगा, काय हाय?"

ते बराच वेळ वाकून राह्यले. "काही नाही, मामाजी."

बाया त्यांच्यावर खवळल्या, जवायानं असं बोलावं काय म्हणून. मी म्हटलं, तुमी आपली चिमणी अन् गाय घेऊन घरी जा. जिचं तोंड दिवसभर बंद राहे नाही, ती जाताना मले काहीच सांगून गेली नाही, तर तुमाले काय सांगन?