हिरवा स्टिकर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये रावेतला चढणाऱ्या एक बाई क्वालिटीला आहेत, दिवसभर पार्ट तपासतात. संधिवातानं बोटं सुजलेली, पण आवाज खणखणीत. नैराश्याच्या गोळ्या लोक लपवून खातात; या बाई भर बसमध्ये आपल्या गोळ्यांचा निकाल द्यायच्या. "हिनं दिवसभर झोप येते. रिजेक्ट!" डॉक्टर बदलून द्यायचे. "हिनं मळमळतं. रिजेक्ट!" मी खिडकीची जागा देऊ केली की म्हणायच्या, "बाहेर काय बघायचंय?"

परवा त्यांनी गोळ्यांची नवी पट्टी माझ्या नाकासमोर धरली. तिच्यावर पास झालेल्या मालाला लावतात तो हिरवा स्टिकर!

"बोटांचं दुखणं थांबलं?" मी विचारलं.

"ते कुठं जातंय? सरका राव, आज खिडकीत मी बसणार."